कोल्ड कोको घेऊन दमणला

मुलाने मला सुरतेला बोलावलं ते नातीला दारूपासून वाचवायला. नात दारू पीत नव्हती. ती दारूत आइस्क्रीम कालवायला शिकत होती. मुलाच्या मते हे पिण्यापेक्षा वाईट, कारण पिणारा लपून पितो आणि कालवणारीचं चारचौघांत नाव होतं.

माझा मुलगा सुभाष सुरतेत गोडादऱ्याला राहतो. आधी कापडाच्या लूमवर होता, आता एका साड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. सुपरवायझर झाल्यापासून त्याला लोक काय म्हणतील याची फार काळजी असते. लूमवर होता तेव्हा लोकांना त्याच्याकडे बघायला वेळ नव्हता. फोनवर म्हणाला, "माय, तू ये. पोर आयकत नही." मी म्हटलं, पोर तुझी, ऐकवायला मी कशाला? तर म्हणे, तुझं ती ऐकते. हे खोटं आहे. माझं घरात कोणीच ऐकत नाही, फक्त मी बोलत असते तेव्हा गप्प बसतात. पण थंडीचे दिवस होते, सुरतेला या दिवसांत ज्वारीचा पोंक मिळतो आणि दोंडाईच्यात मला मिरच्या वाळवण्यापलीकडे काही काम नव्हतं. म्हणून गेले.

परत आल्यापासून गल्लीतल्या बायका विचारतात, सुरतेत काय पाहिलं. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं. मी चौथी शिकले आहे. त्यात दारूचा धडा नव्हता, तेव्हा काही चुकलं तर समजून घ्यावं.

गोडादरा

सुरतेजवळच्या उधना स्टेशनवर गाडीतून उतरले तेव्हा सुभाष घ्यायला आला होता. माझी पिशवी उचलताना त्याने आधी वास घेतला. पिशवीत आमच्याकडच्या सुक्या मिरच्या होत्या. तो शिंकला आणि मला घरी आल्यासारखं वाटलं.

ज्यांनी गोडादरा पाहिलेलं नाही त्यांना सांगते. आपल्या खानदेशातलं अर्धं गाव उचलून कोणी दुसऱ्या राज्यात ठेवलं आणि त्याच्या डोक्यावर लूमची खटखट सोडून दिली, तर ते तसं दिसेल. भाजीवाली अहिराणीत भांडते, दुकानदार गुजरातीत भाव सांगतो, पोरं हिंदीत शिव्या देतात. गल्लीतून साड्यांच्या गठ्ठ्यांचे टेम्पो जातात आणि सगळीकडे धागे. ताटात धागा, केसांत धागा, देवाच्या फोटोला धागा. माझी सून वंदना दिवसभर घरात बसून साड्यांवर खडे चिकटवते. तिच्या बोटांवर गोंदाची साल चढलेली असते. जेवताना ती आधी बोटं सोलते, मग भाकरी मोडते.

पहिल्याच जेवणात वरण गोड लागलं. मी विचारलं, आज काही सण आहे का? वंदना म्हणाली, नाही, आत्या, आता सवयच झाली गूळ घालायची. वीस वर्षांत माणूस वरणात गूळ घालायला लागतो. मी ताटात ठेचा घेतला आणि बोलले नाही. हे लिहून ठेवते, कारण मी बोलले नाही असे प्रसंग कमी येतात.

जेवण झाल्यावर स्वयंपाकघरात मिक्सरच्या वरच्या फळीवर बाटल्या दिसल्या. सगळ्यांचे कागद भिंतीकडे वळवलेले. मी एक फिरवली. तिच्यावर पेनने लिहिलं होतं, रम. दुसरीवर व्होडका. मग व्हिस्की, कॉफी लिकर, क्रीम. मी रमचं झाकण काढून वास घेतला. गार झालेला कोरा चहा. व्होडका म्हणजे साखरेचं पाणी. व्हिस्की म्हणजे तोच चहा, जरा पातळ. क्रीम लिहिलेल्या बाटलीत नारळाचं सरबत होतं.

वंदना म्हणाली की या पोरीच्या सरावाच्या बाटल्या आहेत आणि शेजारणीला दिसू नये म्हणून तिने कागद भिंतीकडे फिरवले होते. आणि शेजारणीने कागद फिरवलेले पाहूनच ओळखलं की यांच्याकडे काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी ती हळूच विचारायला आली, नवऱ्याच्या खोकल्याला दोन चमचे मिळतील का. वंदनाने तिला दोन चमचे चहा दिला. खोकला थांबला म्हणे.

आता नातीचं सांगते. नाव हर्षाली. बी.कॉम. झाली आहे, लग्नाच्या वयाची आहे, आणि बापासारखी हट्टी आहे, हे बापाला मान्य नाही. दमण गुजरातच्या दारूबंदीबाहेर आहे आणि समुद्राकाठी एक हॉटेल आहे. तिथे मोठ्या माणसांसाठी मिल्कशेक करतात. बरणीएवढा पेला, आत आइस्क्रीम, दूध, चॉकलेट आणि दारू, वर मलईचा डोंगर, डोंगरावर बिस्कीट आणि मध्ये नळी. हर्षालीने तिथे अर्ज केला होता आणि त्यांनी तिला शुक्रवारी करून दाखवायला बोलावलं होतं. जमलं तर नोकरी. राहायचं तिथेच, आठवड्याच्या सुटीला घरी यायचं.

सुभाष नाही म्हणत होता. ती जाणार म्हणत होती. शेवटी दोघांनी ठरवलं की आजी सांगेल ते. दोघांनाही वाटत होतं की मी त्यांच्या बाजूची आहे.

रात्री तिने मला तिचा एक पेला करून दिला. चहाची रम, व्हॅनिला आइस्क्रीम, वर चॉकलेटची भुकटी. चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं होतं. ती माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी सांगितलं, "चहा गार झालाय, आणि दूध जास्त पडलंय."

"आजी, ती रम आहे."

"मग रम गार झाली आहे."

वेसू

दुसऱ्या दिवशी सुभाषने मला आणि हर्षालीला तिच्या दारू कालवायच्या क्लासला नेलं. मित्राची गाडी घेतली होती. वेसू हा सुरतेचा श्रीमंत भाग. गोडादऱ्याहून निघाल्यापासून सुभाषने प्रत्येक चौकात काच खाली करून रस्ता विचारला. वीस वर्षं त्या शहरात राहतो आणि वेसूला जायला त्याला पानवाले लागतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

क्लास काचेच्या इमारतीत होता. आत इतकी थंडी की मी शाल डोक्यावरून घेतली. पंधरा-वीस पोरंपोरी काळे एप्रन बांधून उभी. एक कॅनडाला जाणार, एक दुबईला, एक जहाजावर. सुरतेत दारू विकायची नाही, प्यायची नाही, पण दारू कालवणारे इथून जगभर जातात. शिकवणारे जिग्नेशसर. गळ्याला फुलपाखरासारखी गाठ, केस तेल लावून मागे. त्यांनी दोन भांडी एकमेकांत अडकवून कानाजवळ अशी खडखडवली की मला वाटलं आता भविष्य सांगतील.

इथेही सगळ्या बाटल्यांत चहा आणि सरबतं. एक छोटी बाटली मात्र वेगळी होती. तिच्यात किराईत उकळलेलं पाणी, तेच कडू किराईत जे आपण तापात पितो. सर म्हणाले, प्रत्येक पेल्यात याचे चार थेंब, म्हणजे विद्यार्थ्याला कळेल की इथे दारू असते. पोरं एकेक घोट घेत होती, तोंड वाकडं करत होती आणि सर खूश होऊन मान हलवत होते. तोंड ज्याचं जास्त वाकडं त्याला मार्क जास्त, असं मला तरी वाटलं.

मी सरांना विचारलं, तुम्हाला खरी कशी लागते ते कसं कळलं? त्यांनी दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. म्हणाले, "ना रे माजी, अमे तो अडता पण नथी." म्हणजे हातसुद्धा लावत नाही. आणि हे त्यांनी लाजून सांगितलं नाही, अभिमानाने सांगितलं. मी म्हटलं, कोरड्या विहिरीत पोहायला शिकवता का? ते हसले आणि म्हणाले की थिअरी पक्की असली की पाणी कुठलंही चालतं.

एक जैन मुलगा अंड्याला हात लावत नव्हता. काही पेल्यांवर फेस यायला अंड्याचं पांढरं घालतात, त्याच्याऐवजी त्याला छोले भिजवलेलं पाणी दिलं होतं. फेस आला, हे खरं. पण दारू काढली, अंडं काढलं, मग पेल्यात राहिलं काय? साखर. आणि साखरेचं शिक्षण सुरतकराला देण्यात काय अर्थ आहे? ती त्याच्या वरणातही असते.

सरांनी मला समजावलं की जगात पुष्कळ लोकांना दारूची चव आवडत नाही, खास करून लेडीजना, म्हणून दूध, चॉकलेट, आइस्क्रीम घालून ती लपवायची. मला हे काही पटलं नाही. आम्ही पोरांना एरंडेल कॉफीत घालून पाजायचो, कारण पोरं लहान होती आणि एरंडेल पोटाला हवं होतं. मोठ्या माणसाला चव आवडत नसेल तर त्याने पिऊ नये. कोणी त्याचं नाक दाबलेलं नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या अंगाला मोहाची दारू निघते. लग्नांत मी एक-दोनदा घेतली आहे, सर्वांसमोर. घशातून जाते तेव्हा काय गेलं ते कळतं. तोंड पुसायचं आणि कामाला लागायचं. त्यावर बिस्कीट ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

हे सगळं सुभाष ऐकत होता आणि मान डोलवत होता. त्याला वाटलं मी त्याच्या बाजूने बोलते आहे.

पोंक आणि कोको

संध्याकाळी हर्षाली मला एकटीला घेऊन बाहेर पडली. तापीच्या बाजूला पोंकचे तंबू लागले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपल्याकडे शेतात बसून हाताने चोळून खातात. इथे तो पेटीत बसतो, त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव असते आणि साखरेचे दाणेही असतात. साखरेचे दाणे मी बाजूला काढले. हुरडा चांगला होता. चांगल्याला चांगलं म्हणायला मला त्रास होत नाही, वेळ लागतो एवढंच.

मग तिने मला कोल्ड कोकोच्या दुकानासमोर उभं केलं. सुरतेचे लोक याच्यावर जीव टाकतात. दुधात कोको, साखर आणि कॉर्नफ्लोअर घालून आटवायचं, गार करायचं आणि दाट झालं की पेल्यात ओतायचं. रस्त्यावर गाड्या लावून, काचा खाली करून, आख्खी घरंच्या घरं ते पीत होती. मला ती बिघडलेल्या खिरीची बहीण वाटली. तरी मी पेला संपवला, कारण टाकायची सवय नाही.

हर्षाली म्हणाली, "आई घरी याच्यापेक्षा छान करते."

मी म्हटलं, आईने छान केलेल्या गोष्टी मोजायला लागलीस म्हणजे तुला काहीतरी मागायचं आहे.

ती थोडा वेळ नळीने पेल्याचा तळ ढवळत राहिली. मग म्हणाली, "आजी, आईची बोटं बघितली? ती जेवायच्या आधी सोलते ती. मी घरी बसले तर लग्न होईपर्यंत तेच. आणि लग्न झालं की दुसऱ्या घरात तेच. पप्पा म्हणतात दारू वाईट. गोंद चांगला आहे का?"

गोंदाबद्दल मला काही माहिती नाही, पण बोटं मी पाहिली होती.

"तुला येतं का ते?" मी विचारलं.

"येतं ने. क्लासमध्ये सगळ्यात छान माझं होतं."

"खरी दारू कधी घातलीस?"

ती म्हणाली की माप तर तेच असतं, तीस एमएल म्हणजे तीस एमएल. भाकरीचं पीठ न मळता भाकरी शिकलेली मुलगी मी आजवर पाहिली नव्हती, पण सुरतेत नव्या गोष्टी बघायलाच तर आले होते.

दमण

शुक्रवारी सकाळी निघालो. सुभाष गाडी चालवायला आला, नजर ठेवायला म्हणून. वंदनाने ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, भरीत, ठेचा आणि कोल्ड कोकोने भरलेला स्टीलचा मोठा डबा दिला. डबा बर्फाच्या पिशवीत ठेवून वर ओला फडका बांधला होता. वाटेत पोरीला काही खायला सुचणार नाही, पण हे तरी पोटात जाईल, असं ती म्हणाली. वंदना जास्त बोलत नाही. डबा भरते.

सुरत सुटली. नवसारी गेलं, वलसाड गेलं, वापी आलं. सुभाषने काच खाली केली नाही. कुठे वळायचं तिथे त्याचा हात आधीच वळत होता. एका फाट्यावर तीन रस्ते फुटत होते, पाटी झाडामागे दडलेली होती. तो गाणं गुणगुणत बरोबर मधल्याने गेला. दमणला पोचल्यावर त्याने हॉटेलच्या दारासमोर गाडी लावली नाही. म्हणाला, इथे ऊन लागतं, मागे चिंचेखाली सावली असते. मागे चिंच होती. सावलीही होती. मी त्याच्याकडे पाहिलं. तो फडक्याने काच पुसायला लागला.

दमणचा समुद्र काळ्या चिखलाचा आहे. चित्रातला समुद्र बघायचा असेल तर कॅलेंडर बघा. पण दुकानं बघण्यासारखी आहेत. आपल्याकडे किराण्याची असतात तशी दारूची दुकानं ओळीने. त्यांच्यासमोर सुरतेचे, नवसारीचे सभ्य लोक उभे, इस्त्रीचे शर्ट, हातात पिशव्या, चेहरे रेशनच्या रांगेत असतात तसे गंभीर. एकजण कपाळाला गंध लावून आला होता.

हॉटेलच्या मालकीणबाई फर्नांडिस. माझ्याहून जरा लहान, केस कापलेले, चष्मा गळ्यात साखळीला. मला त्या आवडल्या, कारण त्यांनी नमस्कार केला आणि लगेच कामाचं बोलायला लागल्या. हर्षालीला काउंटरमागे उभं केलं, खऱ्या बाटल्या दाखवल्या आणि म्हणाल्या तीन पेले कर, दोन आमच्या पद्धतीचे, एक तुझ्या मनाचा. आम्ही दोघं समोर टेबलाशी बसलो.

हर्षालीचा हात छान चालत होता. बाटली उचलणं, माप धरणं, सगळं क्लासमधल्यासारखं. मिक्सरमध्ये व्हॅनिला आइस्क्रीम, त्यात रम, बटण दाबलं. घरी हे श्रीखंडासारखं उभं राहत होतं. इथे ते ताकासारखं आलं. तिने आणखी आइस्क्रीम घातलं. घट्ट होईना, पण पेला भरून वाहायला लागला. वर मलई ठेवली ती बुडाली. मग बिस्कीट बुडालं.

फर्नांडिसबाई म्हणाल्या की दारू गोठत नाही, आइस्क्रीमला ती पातळच करते, म्हणून इथे तिचं माप वेगळं धरावं लागतं. हे कोणी सांगितलं नाही का? कोण सांगणार? चहा गोठतो.

दुसऱ्या पेल्यात क्रीमची दारू होती. क्लासमध्ये तिच्यात लिंबू पिळायला शिकवलं होतं. तिने पिळलं. खऱ्या बाटलीत नारळाचं सरबत नव्हतं, खरी साय होती. पेल्यात पांढऱ्या गुठळ्या फिरायला लागल्या. दूध लिंबाने फाटतं हे घरातल्या मांजरालाही माहीत असतं. हर्षालीलाही होतं. पण ती घरी दुधावर विश्वास ठेवायची आणि क्लासमध्ये बाटलीवरच्या कागदावर.

सुभाषचा चेहरा वरून दुःखी झाला होता. खालून तो पाय हलवत होता. मला हळूच म्हणाला, चला, प्रश्न मिटला.

हर्षाली काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी होती. मग सरळ बाहेर गेली. मला वाटलं रडायला गेली, आणि मनात म्हटलं, रडून ये, मग जेवू. ती परत आली तेव्हा तिच्या हातात वंदनाचा डबा होता. फडका तसाच गुंडाळलेला.

तिने झाकण उघडलं. एक चमचा कोको चाखला. रमची बाटली उचलली आणि या वेळी माप न घेता सरळ डब्यातच धार सोडली. घाईत तिला वेगळं भांडं घ्यायचं सुचलं नाही. लांब चमच्याने ढवळलं, चाखलं, तोंड वाकडं केलं, आणखी थोडी घातली, चिमूटभर मीठ टाकलं. मग पेल्यात ओतलं. ते पातळ झालं नाही. कॉर्नफ्लोअर घालून आटवलेलं दूध, ते कशाला पातळ होतंय. डब्यातून संथ खाली उतरलं आणि पेल्यात तसंच दाट बसलं. मलईचा डोंगर तिने केला नाही. बहुतेक विसरली.

फर्नांडिसबाईंनी घोट घेतला. पेला खाली ठेवला नाही. दुसरा घेतला. मग मला म्हणाल्या, आजी, तुम्ही घेता? मी घेतला. सुभाष समोर बसलेला होता, त्याला बघू दे म्हटलं. आधी दूध लागलं, मग कोको, आणि मग खालून दारू आली, आपलं नाव सांगत. लपलेली नव्हती. चोरटेपणा नव्हता त्यात. मी अर्धा पेला संपवला आणि कोणाला काही बोलले नाही, कारण मला आवडलं होतं.

फर्नांडिसबाईंचा निकाल असा. सोमवारपासून ये. पण आधी मागे उभं राहायचं, बरण्या धुवायच्या, फळं कापायची, मिक्सर सांभाळायचा, आणि रोज खऱ्या बाटल्यांनी हात बसवायचा. हात बसला की पुढे. आणि त्या क्लासचं सर्टिफिकेट इथे कोणाला दाखवू नकोस.

हर्षालीने माझ्याकडे पाहिलं. सुभाष म्हणाला, बघू, घरी माय सांगेल ते.

नाका

समुद्राच्या भिंतीवर बसून आम्ही भाकरी आणि भरीत खाल्लं. डब्यात अजून निम्मा कोको होता, रम घातलेला. हर्षालीने झाकण घट्ट लावलं. म्हणाली, आईला चाखायला नेते, तिच्याच हातचा आहे.

सुभाष उठून उभाच राहिला. त्याचा नेहमीचा सुपरवायझरचा आवाज गेला आणि दोंडाईच्याचा आला. मला म्हणाला, "माय, डबा रिकामा कर. नाक्यावर पोलीस डबा उघाडीसन वास लेतस."

"तुले कोनी सांगं?"

"लोके सांगतस."

"कोनता लोके?"

तो समुद्राकडे बघायला लागला. काळा चिखल एवढा बघण्यासारखा नव्हता.

मग त्याने स्वतःच डबा घेतला. सांगत होता, नुसता ओतून भागत नाही, वास धातूला धरतो. आधी खारट पाण्याने धुवायचा, मग मूठभर वाळूने घासायचा, मग त्यात कांदा कापून ठेवायचा. पोलिसाने नाक घातलं की त्याला कांदाच लागला पाहिजे. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि मग त्याच्या लक्षात आलं की तो सांगत होता. हर्षाली भाकरीचा तुकडा हातात धरून बापाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती पहिल्यांदाच बापाकडून काहीतरी शिकत होती.

सुभाषने डबा वाळूवर तिरका केला. धार सावकाश पडत होती आणि तो इतक्या जड मनाने ओतत होता की बघवेना. त्याच्या बापाला जाळलं तेव्हाही तो एवढा हळवा झाला नव्हता. शेवटचं थोडं उरलं तिथे त्याचा हात थांबला. मी खाकरले. त्याने तेही ओतलं.

कांदा भरताबरोबर आणलेला होताच. तो कापून डब्यात टाकला.

गुजरातच्या हद्दीवरच्या नाक्यावर खरंच गाडी थांबवली. हवालदाराने डिकी बघितली, पिशवी बघितली, डबा उघडला, नाक घातलं आणि डोळे पुसत मागे सरला. मला विचारलं, "माजी, आटलो मोटो डब्बो अने एक कांदो?" मी सांगितलं, आमच्याकडे प्रवासाला निघताना असंच नेतात. आता त्याला वाटत असेल, खानदेशातले लोक डब्यात एकच कांदा घेऊन समुद्र बघायला जातात.

पुन्हा गोडादरा

घरी पोचलो तेव्हा वंदना साडीवर खडे लावत होती. डबा उघडून तिने कांदा बघितला, आमच्याकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. चहा झाला. सुभाष खुर्चीत बसला. आवाज परत सुपरवायझरचा झाला होता. म्हणाला, माय, आता सांग. आपलं ठरलं आहे, तू सांगशील ते.

सगळे गप्प बसले, मी बोलणार असले की बसतात तसे. हर्षालीने डोळे मिटले होते. वंदनाने हातातला खडा खाली ठेवला.

मी सुभाषला म्हटलं, "पोर जाई. वाट तुले पाठ शे, पोचाडाले तूच जा."

तो तोंड उघडून बसला. मग वंदनाकडे पाहिलं. वंदना बोटावरचा गोंद सोलत होती, मान खाली, पण तिचे खांदे हसत होते. आपल्या नवऱ्याला दमणची वाट पाठ आहे हे तिला नवीन नव्हतं. तिने आतापर्यंत त्याचे किती डबे कांद्यासकट धुतले असतील ते तिलाच ठाऊक.

मी दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला आले. परवा वंदनाचा फोन आला होता. हर्षाली अजून मागेच बरण्या धुते, पण कोकोची कढई आता तिच्याकडे आहे. सुटी संपली की दर आठवड्याला सुभाष तिला दमणला सोडायला जातो. चिंचेखाली गाडी लावत नाही, दारासमोर उन्हात थांबवतो आणि तसाच मागे फिरतो. मी विचारलं, इतका सुधारला? वंदना म्हणाली, नाही, आत्या, पोरगी दारात उभी राहते, गाडी वापीच्या रस्त्याला लागेपर्यंत.